गेट बंद, नंबर चार सात

माझ्या नोकरीत हातापेक्षा कानाला जास्त काम होतं. लोकांना हे पटत नाही. फाटकवाली बाई म्हणलं की त्यांना दिसतं ते चाक फिरवणं, हिरवा झेंडा धरून उभं राहणं आणि उन्हात तापलेल्या मोटारसायकलवाल्यांची बोलणी खाणं. ते होतंच. पण खरी नोकरी भिंतीवरच्या काळ्या फोनात होती. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, फाटकाच्या जागी भुयारी रस्ता झाला, तरी कुठं तशी घंटी वाजली की माझा हात अजून कमरेकडं जातो. तिथं चावी असायची.

हे लिहायला बसले ते नातीमुळं. माझ्या प्रज्ञानं विमानांच्या फाटकवालीच्या नोकरीचा अर्ज भरला. तिच्या भाषेत त्या नोकरीचं नाव वेगळं आहे, एअर ट्रॅफिक कंट्रोलर. पण तिनं मला समजावून सांगितलं तवा मी हेच नाव दिलं, आणि घरात तेच चाललं. तिच्या अर्जानं मला माझी सगळी नोकरी पुन्हा करायला लावली, आणि एका गोष्टीची धास्ती बसवली, ती पुढं येईलच.

आमचं फाटक परभणीहून पूर्णेकडं जाताना पिंगळी स्टेशनाच्या अलीकडं. मालक रुळाच्या गँगमध्ये कामाला होते. ते गेले तवा माझा विलास पाच वर्षांचा, आणि माझं शिक्षण चौथी. रेल्वेनं त्यांच्या जागी मला घेतलं. काम शिकवायला एक म्हातारे फाटकवाले होते. पहिल्या दिवशी म्हणले, "बाई, एकच ध्यानात ठेव. बाकीचं आपोआप येतं. आधी कुलूप, मग नंबर."

ते नंबराचं काय ते सांगते.

गाडी यायची असली की स्टेशनातून मास्तर फोन करणार. अमुक गाडी, अमुक बाजूनं, गेट बंद करा. मी ते जसंच्या तसं परत म्हणायचं. मग बाहेर जाऊन चाक फिरवून दोन्ही दांड्या खाली आणायच्या, कुलूप घालायचं, आत येऊन मास्तरला फोन लावायचा. नुसतं "बंद केलं" म्हणून भागत नाही. माझ्याजवळ एक छापील कागद असायचा, त्यावर दोन-दोन आकडी नंबर, कसलाही क्रम नसलेले. त्यातला पुढचा नंबर मी सांगायचा. गेट बंद, नंबर चार सात, सत्तेचाळीस. आकडे आधी सुटे, मग जोडून, कारण खरखरणाऱ्या तारेवर सगळे आकडे एकमेकांचे भाऊ वाटतात. मास्तर परत म्हणणार, चार सात, सत्तेचाळीस. त्यांनी वहीत लिहिला, मी कागदावर काट मारली, की झालं. तो नंबर म्हणजे माझी जबान. तो मिळाल्याशिवाय मास्तर गाडीला वाट देत नाहीत. आणि एकदा दिला की गाडी जाईस्तोवर खुद्द कलेक्टर आले तरी गेट उघडायचं नाही.

कलेक्टर कधी आले नाहीत. नवरदेव आला. चार जीपगाड्यांचं वऱ्हाड, नंबर नुकताच दिलेला. नवरदेवाचे मामा उतरून माझ्या खोलीच्या दारात.

"ओ बाई, मुहूर्त टळायलाय. दोन मिनटं वर करा की दांडी."

"मामा, नंबर दिलाय मी स्टेशनाला."

"मग माघारी घ्या की नंबर."

"तुमी नवरीकडच्याला शब्द दिलाय ना? तो घेता का माघारी?"

जीपमधून नवरदेवच बोलला, "मामा, बसा बरं आत. लग्न माझं हाय, मला घाई न्हाई." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गाडी गेली, वऱ्हाड गेलं, आणि दुसऱ्या दिवशी परत जाताना नव्या नवरीनं जीप थांबवून मला बुंदीचा पुडा दिला.

एक गुरुजी होते, लुनावर शाळेला जायचे. दांडी खाली असली की लुना आडवी करून खालून काढायचे. एकदा मी विचारलं, "गुरुजी, पोरांना काय शिकवता?"

"भूगोल."

"मग ही रूळ कुठून येतेत अन् कुठं जातेत, सांगा बरं."

त्यांनी पार मनमाडापासून सगळं सांगितलं. मी म्हणलं, "बरोबर. गाडी बी त्याच वाटंनं येती." त्या दिवसापासून गुरुजी उतरून उभे राहायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. रिटायर झाले त्या दिवशी मात्र उतरून नमस्कार करून गेले.

आता मास्तरांबद्दल. मास्तर पुष्कळ बदलले, पण एकांनी अकरा वर्षं काढली पिंगळीला. त्यांना समोरासमोर मी पाच-सहा वेळा पाहिलं असेल. आवाज मात्र हजारो वेळा ऐकला. भरलेली घागर हिंदकळू न देता चालावं तसा आवाज. घाई नाही, चढ नाही. नंबर परत म्हणून झाला की दरवेळी म्हणायचे, "बरं बाई, जपा." एवढंच. ते रेल्वेच्या नियमात नव्हतं.

माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहायचीच ठरवलंय. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा. मास्तरांचा फोन आला. विलासला ताप होता, तो आतल्या खाटेवर कण्हत होता. मी म्हणलं, रस्ता तर मोकळाच आहे, आत्ता लावते दांडी, आणि आधीच नंबर देऊन टाकला. मग विलासच्या कपाळावरची पट्टी बदलली. तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली. बाहेर येऊन बघते तर कापसाची बैलगाडी रुळाच्या मधोमध, आणि उजवा बैल गुडघ्यावर बसलेला. पाय रुळाच्या फटीत.

मी लाल झेंडा घेतला आणि गाडीच्या तोंडाकडं पळत सुटले. चप्पल कुठं गेली ते कळलं नाही. ड्रायव्हरनं लांबून पाहिलं, गाडी थांबली. इंजिन आणि बैलगाडी यांच्यात आमच्या विहाराच्या अंगणाएवढंच अंतर उरलं होतं. बैलाचा पाय सोडवला, सगळे वाचले.

मास्तरांचा फोन आला. "बाई, कागदावर काय लिहू?"

त्यांनी विचारलं त्याच्यात वाट होती. बैल आपोआप घुसला, दांडी मोडली, असं काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणलं, "झालं तेच लिहा. नंबर आधी दिला मी."

त्यांनी तेच लिहिलं. चौकशी झाली, मला पुन्हा शिकायला पाठवलं. मी परत आले त्या संध्याकाळी मास्तर ड्यूटी संपवून सायकलवर फाटकावर आले. पाणी प्याले. म्हणले, "मला तिथून तुमचं गेट दिसत न्हाई, बाई. तुमी म्हणता म्हणून ते बंद असतं." आणि सायकलवर बसून गेले. रागावले असते तर मी विसरले असते.

त्यांची बदली झाली तो दिवस मला ठाऊक नव्हता. रोजच्यासारखा नंबर घेतला, परत म्हणले, आणि "जपा" म्हणायच्या जागी थोडं थांबले. मग म्हणले, "पुढच्या मास्तरला बी असंच सावकाश सांगत जा." दुसऱ्या दिवशी दुसराच आवाज. मी बराच वेळ फोन कानाला धरून उभी होते, तो नवा मास्तर "हॅलो, हॅलो" करत होता. ते आता कुठं असतील, असतील का, मला माहीत नाही. विचारावं असं नातं नव्हतं.

असो. प्रज्ञा.

माझ्या विलासची ही धाकटी. विलास परभणी-पाथरी जीप चालवतो. पोर लहानपणी सुटीत फाटकावरच असायची, मालगाडीचे डबे मोजायची. परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, भौतिक आणि गणित घेऊन. एक दिवस मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणली, "आजी, ही बघ खोली. इथं बसून विमानांना सांगायचं, थांब, ये, इतक्या उंचीवर राहा. अन् विमान चालवणारा ते परत म्हणतो. तो बरोबर म्हणला का, ते आपण ऐकायचं."

"परत म्हणतो?"

"सगळं. आकडे सुटे सुटे."

मी म्हणलं, "मग ही माझीच नोकरी की गं. फाटक तेवढं वर नेलंय."

विलासला पटेना. "त्यापेक्षा बँकेचं बघ. बी.एड. कर. विमान आपल्यातल्या कुणी पाहिलंय का जवळून?"

"पप्पा, तुमी कधी जीपचं इंजिन बनवलंय का? चालवताच ना?"

पोरगी माझ्यावर गेलीय म्हणून विलास माझ्याकडं बघायचा, जसं काही मी मुद्दाम केलं.

अर्ज भरायला परभणीला गेलो, मी पण गेले. फोटो असा पाहिजे, सही तशी पाहिजे, नाव दहावीच्या सर्टिफिकेटावर जसं तसंच. जातीचा दाखला राज्याचा चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि त्यात आम्ही बौद्ध म्हणून भागत नाही, त्याआधीची जात लिहावी लागते. जे नाव माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवा टाकून दिलं, ते पोरीनं पहिल्यांदा आपल्या अक्षरात लिहिलं. पेन थांबला तिचा. मी म्हणलं, "कागदापुरतं लिही. अंगाला लावून घेऊ नको." लिहिलं तिनं. मला मात्र त्या दिवशी सासऱ्यांच्या फोटोकडं बघवलं नाही.

नांदेडला कॉम्प्युटरवर परीक्षा झाली. ती पास झाली आणि दिल्लीचं बोलावणं आलं, कागद तपासायला आणि आवाजाची परीक्षा द्यायला. हो, आवाजाची. इंग्रजी उतारा वाचायचा, विचारतील ते बोलायचं. तोतरं, अडखळतं, गिळकं चालत नाही. प्रज्ञाची खोड मला माहीत होती. ती वाक्याचं शेपूट गिळते. आमच्याकडं सगळेच गिळतात, बोलायला बसलं की दुसऱ्याला वेळच देत नाहीत.

मी म्हणलं, "मी घेते तुझी तयारी."

"आजी, इंग्रजी हाय ते."

"मला इंग्रजी कळत न्हाई. आवाज कुठं पडायलाय ते कळतं."

रोज सकाळी ती आतल्या खोलीत, मी बाहेर ओट्यावर, मधे भिंत. ती वाचायची. शेवटचा शब्द माझ्यापर्यंत आला नाही की मी पितळेच्या तांब्यावर चमचा वाजवायची. पुन्हा तेच वाक्य. सूनबाई म्हणायची, "भाजीवाला समजून शेजारच्या दोनदा बाहेर आल्या." मग दुसरा धडा. मी काही सांगायचं, तिनं आधी ते परत म्हणायचं, मग करायचं. "पाणी आण." "पाणी आणते." "दोन शेंगा सोल." "दोन शेंगा सोलते." महिनाभर घर असं चाललं. विलास म्हणायचा, "घरात जेवायला बसलोय का स्टेशनात, कळंना." पण पोरीचा आवाज बसला. भरल्या घागरीसारखा चालायला लागला. एक दिवस भिंतीपलीकडून तो ऐकताना माझे डोळे भरले. कुणाचा आवाज आठवला ते मी घरात सांगितलं नाही.

विलास तिला दिल्लीला घेऊन गेला. परत आली ती ओट्यावर बसली आणि बोलेचना.

"काय झालं गं?"

"आजी, मी परत म्हणलं."

"काय परत म्हणलं?"

"सगळं. ते म्हणले, बसा. मी म्हणलं, बसते. ते म्हणले, दुसरा उतारा वाचा. मी म्हणलं, दुसरा उतारा वाचते. ते म्हणले, असं परत म्हणायची गरज न्हाई." ती थांबली. "मी म्हणलं, परत म्हणायची गरज न्हाई."

सूनबाईच्या हातातली परात तशीच राहिली. विलासनं तोंड फिरवलं, हसायलाय का चिडलाय ते दिसेना.

"मग?"

"तिघं एकमेकांकडं बघायले. एकानं विचारलं, कुठं शिकलात. मी म्हणलं, आजीकडं. रेल्वे फाटकावर होती."

"अन् ते काय म्हणले?"

"काहीच न्हाई. लिहून घेतलं."

हीच ती धास्ती. लिहून घेतलं म्हणजे काय लिहून घेतलं? पोरगी येडी आहे असं? मी माझ्या नोकरीची सवय तिच्या जिभेवर चढवली, आणि तीच आडवी आली असेल तर? लेखी परीक्षा तिची होती, अभ्यास तिचा होता. आवाज मी बिघडवला असेल तर तो दोष कुणाच्या वहीत लिहायचा? एकदा माझ्या नंबरानं गाडी बैलावर गेली असती. आता नातीचं आयुष्य त्याच रुळावर उभं केलं की काय, असं वाटायचं.

प्रज्ञा मला दोष देत नव्हती, हेच जड जायचं. परत म्हणणं तिनं सोडून दिलं. "पाणी आण" म्हणलं की मुकाट आणायची. घर एकदम मुकं झालं.

निकालाला लय महिने लागले. त्या दिवसांत मी ओट्यावर बसून वर बघायला शिकले. आमच्याकडं विमान उतरत नाही, पण वरून जातात, लय उंचावरून. पांढरी रेघ ओढत जातात, आणि आवाज मागून येतो. एवढी वर्षं फाटकावर काढली, मान कधी वर केली नव्हती. मला वाटायचं, आत्ता या क्षणी कुणीतरी बाई कुठल्यातरी खोलीत बसून विमान चालवणाऱ्याला सांगायलीय आणि तो परत म्हणायलाय. तिला तो दिसत नाही. तो म्हणतो म्हणून तो तिथं आहे.

यादी लागली ती एका दुपारी. प्रज्ञा मोबाइल घेऊन आली. म्हणली, "आजी, मला बघवंना. तू हॉल तिकीट धर. मी यादीतला नंबर वाचते, तू ताडून बघ." माझा चष्मा आणायला सूनबाई पळाली. कागद मी दोन्ही हातांनी धरला.

ती एकेक आकडा वाचायला लागली. मी परत म्हणायला लागले. सुटा सुटा. ती म्हणायची पाच, मी म्हणायची पाच. ती म्हणायची शून्य, मी म्हणायची शून्य. शेवटचे दोन आकडे राहिले तिथं ती थांबली.

"वाच की."

"चार."

"चार."

"सात."

माझ्या कागदावर सातच होता. मी बोट ठेवून पुन्हा बघितलं. मग म्हणलं, "चार सात. सत्तेचाळीस." आणि बोट तसंच कागदावर ठेवलं. विलास मागं उभा होता. तो म्हणला, "आई, जपून बघ बरं," आणि त्यानं स्वतःच डोळे पुसले.

त्या तिघांनी काय लिहून घेतलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

ट्रेनिंग लांब आहे, उत्तरेत. परभणी स्टेशनावर तिला बसवून आलो. गाडी पिंगळीवरून जाणार होती, पण मी तर परभणीच्या फलाटावर होते. फाटक असतं आणि मी तिथं असते, तर हिरवा झेंडा दाखवून तिला लावून दिलं असतं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा मला ते फाटक परत पाहिजे झालं, एका गाडीपुरतं.

जाताना मीच अट घातली होती. रोज संध्याकाळी खोलीवर पोचलीस, आतून कडी घातलीस, की फोन करायचा आणि दोन आकडे सांगायचे. कुठलेही. आधी कडी, मग नंबर. ती हसली, पण करते. मी परत म्हणते आणि वहीत लिहून काट मारते. सुरुवातीला पाऊण तास बोलायची. आता अभ्यास वाढला, आकडे सांगते आणि "झोपते आजी" म्हणते. मी "झोप" म्हणते. जास्त विचारत नाही. माझ्या मास्तरांनीसुद्धा कधी जास्त विचारलं नाही.

परवा मात्र स्वतःहून बोलली. "आजी, आज पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं. समोर पडदा, त्यावर खोटी विमानं. पण आवाज खरे. मला घाम फुटला."

"सावकाश बोललीस ना?"

"बोलले. शेवटी सर म्हणले, हिला परत म्हणलेलं ऐकायला शिकवावं लागत न्हाई."

मी वही उघडली. ती म्हणली, "नंबर घे. सहा दोन, बासष्ट."

"सहा दोन, बासष्ट." आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बरं बाई, जपा."

"आजी, मला बाई काय म्हणायलीस?" ती हसायला लागली. मी सांगितलं नाही.

आज हे लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. तिचा फोन अजून आलेला नाही. वर्ग लांबला असेल. सूनबाई दोनदा म्हणली, डास यायलेत, दार लावून घ्या. मी म्हणलं, राहू दे. नंबर येईस्तोवर गेट उघडं आहे असंच धरायचं असतं.